मुंबईत फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलांना निसर्गाची ओढ कशी लागते? शाळेतल्या परिसर अभ्यासाने ती लागते का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी आठ वर्षांची आहे, घर घाटकोपरला सातव्या मजल्यावर आहे, परिसर अभ्यासात तिला छान गुण मिळतात, पण बागेत नेलं की ‘घरी कधी जायचं’ सुरू होतं. मातीत हात घालत नाही, किडा दिसला की किंचाळते. शाळेतल्या शिक्षणाने हे बदलेल का, संशोधन काय म्हणतं आणि सुट्टीत दोन दिवसांच्या निसर्ग शिबिराला पाठवू का, असे तुमचे प्रश्न आहेत. मी प्राथमिक शाळेत हाच विषय शिकवते आणि यावरचं संशोधन जमेल तसं वाचत आले आहे. त्या आधारावर सांगते.

पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरणवादी वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सांगितलं. चांगलंच झालं. पण या सगळ्या शिकवण्यामागे एक गृहीतक असतं: मुलांना माहिती दिली की त्यांना आस्था वाटेल आणि आस्था वाटली की ती तसं वागतील. हंगरफोर्ड आणि व्होक या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९९० मध्येच दाखवून दिलं की ही साखळी इतकी सरळ चालत नाही. प्लॅस्टिकचे दुष्परिणाम पाठ असलेलं मूल वर्गाबाहेर पडताच चॉकलेटचा कागद खाली टाकतं, हे मी रोज बघते. त्यात त्या मुलाचा दोष नाही. ज्या जागेशी आपली ओळखच नाही ती जागा कुणी का जपावी?

मला सगळ्यात विचार करायला लावणारा अभ्यास आहे नॅन्सी वेल्स आणि क्रिस्टी लेकीज यांचा, २००६ मधला. अमेरिकेतल्या शहरांत राहणाऱ्या सुमारे २,००० प्रौढांना त्यांनी लहानपणाबद्दल विचारलं आणि आज ते पर्यावरणाकडे कसं बघतात, कसं वागतात हेही तपासलं. वयाच्या अकराव्या वर्षाच्या आत जे रानात भटकले, झाडाझुडपांत खेळले, मासे पकडायला गेले, त्यांच्यात ही आस्था आणि तसं वागणं दोन्ही जास्त दिसलं. बागकाम करणाऱ्या, फुलं तोडणाऱ्या मुलांमध्येही मोठेपणी आस्था दिसली, वागण्यावरचा परिणाम मात्र पुसट होता. आणि लहानपणी झालेलं औपचारिक पर्यावरण शिक्षण? त्याचा मोठेपणच्या आस्थेशी ठळक संबंध सापडला नाही. या विषयाची शिक्षिका म्हणून मला ते वाचून वाईट वाटलं, पण खोटं वाटलं नाही.

या अभ्यासाला मर्यादा आहेत. माणसं आठवणीतून उत्तरं देतात, आणि ज्याला आज झाडं आवडतात त्याला लहानपणची झाडंही जास्त आठवणार. शिवाय अमेरिकेतलं ‘रान’ आणि आपलं घाटकोपर यांत फरक आहेच. तरी मी यावर भर देते, कारण वेगळ्या पद्धतीने केलेले अभ्यासही त्याच दिशेला बोट दाखवतात. लुईस चावला यांनी नॉर्वेत आणि अमेरिकेतल्या केंटकीत पर्यावरणासाठी झटणाऱ्या माणसांच्या मुलाखती घेतल्या. या वाटेवर कसे आलात, असं विचारल्यावर पुन्हा पुन्हा दोन उत्तरं आली: लहानपणी एखाद्या नैसर्गिक जागेत घालवलेला वेळ आणि घरातलं कुणीतरी, ज्याला त्या जागेचं प्रेम होतं. हे दुसरं उत्तर पालकांनी नीट ऐकावं. आजी अंगणातल्या चिमण्यांना दाणे टाकायची, बाबा नदीकाठी थांबून पाण्याकडे बघत राहायचे, इतकंच. शिकवणं नव्हे, मुलाच्या देखत स्वतः रमणं.

डर्बी विद्यापीठातल्या रायन लंबर, माइल्स रिचर्डसन आणि डेव्हिड शेफील्ड यांनी २०१७ मध्ये असाच प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारला: निसर्गाशी नातं नेमकं कोणत्या वाटेने जुळतं? हा अभ्यास मोठ्या माणसांवरचा होता. स्पर्श-गंध-आवाज यांचा अनुभव, भावना, सौंदर्य, अर्थ आणि करुणा या पाच वाटा पुढे आल्या. नुसती नावं ओळखणं, माहिती गोळा करणं ही वाट त्यांत बसली नाही. आपल्या परीक्षेत काय विचारलं जातं ते आठवा: प्राण्यांचे प्रकार सांगा, झाडाचे भाग लिहा. त्या पाच वाटांपैकी एकही नाही.

म्हणून माहिती निरुपयोगी ठरते का? नाही, आणि तुमच्या मुलीच्या किंचाळण्याशी याचा थेट संबंध आहे. जपानमध्ये फुकानो आणि सोगा यांनी सुमारे १३,००० लोकांचा अभ्यास करून २०२१ मध्ये मांडलं की शहरी माणसाला किड्यांची किळस दोन कारणांनी वाढते. एक, किडे घराबाहेर दिसण्याऐवजी घरात दिसतात. दोन, किड्यांतला फरक कळत नाही, म्हणून सगळेच सारखे किळसवाणे वाटतात. सातव्या मजल्यावरच्या मुलीला किडा भेटतो तो स्वयंपाकघरातल्या झुरळाच्या रूपात. मग तिच्यासाठी लेडीबग, नाकतोडा, सुरवंट सगळेच झुरळाचे भाऊबंद. हे झुरळ, तो ढालकिडा म्हणजे लेडीबग, ती कुंभारीण माशी, असं वेगळं वेगळं ओळखता आलं की किळस आक्रसते. इथे नावं उपयोगी पडतात, पण भेट झाल्यावर, तिला ती हवीशी वाटली तर. तिचा हात धरून मातीत घालू नका, ‘घाबरतेस काय’ म्हणू नका. तुम्ही स्वतः हात घाला आणि तिला बघू द्या.

आता मुंबई. तुम्ही म्हणालात, ‘इथे निसर्ग आहेच कुठे?’ ताई, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, बिबटे राहतात असं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान या शहराच्या पोटात आहे. पण मी त्याच्यापासून सुरुवात करणार नाही. वर्षातून एकदा बोरिवलीला जाऊन तिथल्या कान्हेरी लेण्यांच्या पायऱ्यांवर वेफर्स खाऊन परत येणं ही सहल झाली, ओळख झाली नाही. ओळखीसाठी तेच ठिकाण पुन्हा पुन्हा भेटावं लागतं, आणि ते घराच्या जवळच असावं लागतं.

सोसायटीत किंवा रस्त्यावर एक झाड निवडा. निवड तिची. देशी बदाम असेल तर उत्तम. थंडीच्या अखेरीस त्याची पानं लालभडक होऊन गळतात, मग टोकांना कोवळी पालवी फुटते. फळं धरली की रात्री वटवाघळं येतात आणि सकाळी झाडाखाली अर्धवट चघळलेले बदाम पडलेले असतात. ते दगडाने फोडून आतली बी खाणं हा मुंबईतल्या मुलांचा जुना उद्योग आहे, तो तिच्या वाट्यालाही येऊ द्या. धुऊन द्या हवं तर. आठवड्यातून एकदा, शाळेतून येताना पाच मिनिटं त्या झाडाखाली थांबायचं: पालवी आहे का, फूल आहे का, कोण बसलंय. ‘सीझनवॉच’ हा देशभर चालणारा उपक्रम नेमकं हेच करतो. लोक आपापल्या झाडाची साप्ताहिक नोंद ठेवतात आणि ऋतुचक्र कसं बदलतंय हे शास्त्रज्ञांना त्यातून कळतं. मुलांना आपली नोंद कुणाच्या तरी खऱ्या उपयोगाची आहे हे कळलं की त्यांचा चेहरा बदलतो. उन्हाळ्यात कान द्या. ‘टुक टुक टुक’ असा तांबटाचा एकसुरी आवाज घाटकोपरला भर दुपारीही ऐकू येतो. पक्षी दिसत नाही, शोधावा लागतो, आणि तो शोधण्यातच मुलं अडकतात.

दुसरी गोष्ट तर सातव्या मजल्यावर चालणारी आहे: कढीपत्त्याची कुंडी. औषध मारायचं नाही, एवढीच अट. काही प्रकारची फुलपाखरं कढीपत्ता आणि लिंबाच्या पानांवर अंडी घालतात. अंड्यातून निघालेली अळी सुरुवातीला हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणजे खाणाऱ्याने तिच्याकडे ढुंकूनही बघू नये. मोठी झाली की हिरवीगार होते, पानात मिसळून जाते. हळूच डिवचलं तर डोक्यामागून लाल, दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मग कोष, आणि अंड्यापासून साधारण महिनाभरात फुलपाखरू. माझ्या वर्गाच्या खिडकीत ही कुंडी असते. ज्या मुली आधी लांबून बघतात त्याच पुढे ‘आज हलली का’ म्हणून शाळेत आल्या आल्या धावत येतात. जीवनचक्राची आकृती फळ्यावर मी वर्षानुवर्षं काढत आले, पण अळी कोषात गेल्यावर ‘बाई, ती आत मेली तर?’ हा प्रश्न आकृतीने कधी कुणाला पडला नाही. करुणेची वाट म्हणतात ती ही. कढीपत्ता फोडणीला कमी पडेल, तेवढं सोसा.

तिसरं, समुद्र. मुंबईची मुलं समुद्राकडे पाठ करून भेळ खातात याचं मला फार वाईट वाटतं. कार्टर रोडला, हाजी अलीला, गिरगावला ओहोटीला खडक उघडे पडतात आणि खडकांतल्या डबक्यांत समुद्रफुलं, शंखात घर केलेले खेकडे, कालवं दिसतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची ओहोटी सगळ्यात खोल जाते, तेव्हाच जा. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून आधी तक्ता बघून ठेवा. पाण्यात निसरडं असतं, चप्पल नको, पकड असलेले बूट हवेत. भरतीचं पाणी चढू लागण्याआधी परतायचं आणि पावसाळ्यात जायचं नाही. उचललेला दगड होता तसाच ठेवायचा. एकट्याने धीर होत नसेल तर ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट २०१७ पासून किनाऱ्यावर फेऱ्या नेतो.

बाकी गोरेगावचं बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं) संवर्धन शिक्षण केंद्र, शिवडी-ऐरोलीचे रोहित पक्षी (फ्लेमिंगो), कचऱ्याच्या ढिगावर उभं राहिलेलं माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान, हे सगळं तुम्हाला शोधून सापडेल. पावसाच्या तोंडावर बाजारात आदिवासी बायका शेवळं, टाकळा, कंटोळी अशा रानभाज्या घेऊन बसतात, तिथेही तिला न्या. शेवळ्यांबरोबर काकडं ही रानफळं का घालायची ते त्या बाईंनाच विचारू द्या. खाज मारायला, हे उत्तर ती विसरणार नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. आठ वर्षांच्या मुलीला हिमनद्या वितळल्या, जंगलं संपली, हे आत्ताच ऐकवू नका. डेव्हिड सोबेल हे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ म्हणत आले आहेत की जखमा भरायला सांगण्याआधी मुलांना निसर्गाशी जवळीक करायला सवड हवी. ही धास्ती पुढे तशीही गाठतेच. २०२१ मध्ये भारतासह दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० तरुणांची पाहणी झाली, त्यात ५९ टक्के जणांनी हवामान बदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटते असं सांगितलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये गोरेगावच्या आरे वसाहतीत मेट्रो कारशेडसाठी रातोरात झाडं तोडली गेली तेव्हा वर्गात मुलं रडली होती. रडणाऱ्या मुलांना ‘काही होत नाही’ म्हणून गप्प करायचं नसतं, आणि सोडूनही द्यायचं नसतं. आम्ही शाळेच्या रस्त्यावरची झाडं मोजली, बुंध्याभोवतीचं सिमेंट कुठे कुठे आवळलंय त्याची यादी केली आणि वॉर्ड ऑफिसला पत्र लिहिलं. काही ठिकाणी झाडांभोवतीची आळी मोकळी झाली. हाताला काम मिळालं की भीतीचं ओझं हलकं होतं.

तुमच्याकडे वेळ आहे, पण फार नाही. जर्मनीतल्या एका चार दिवसांच्या कार्यक्रमाचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नऊ-दहा वर्षांच्या मुलांची निसर्गाशी वाढलेली जवळीक चार आठवड्यांनंतरही टिकून होती, अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांची टिकली नाही. पंधरा-सोळाच्या सुमाराला ही ओढ बहुतेकांची घसरते, असं ब्रिटनमधल्या पाहण्यांत दिसलंय, आणि पुढे ती सावरतेही. तेव्हा दहावीत ती तुमच्या झाडाकडे बघेनाशी झाली तर वैतागू नका.

शिबिराबद्दल: पाठवा, पण आधी दोन गोष्टी विचारून घ्या. दिवसभराच्या वेळापत्रकात मुलांना नुसतं भटकायला, काठ्या-दगड गोळा करायला किती वेळ ठेवलाय? आणि एका ताई-दादाकडे किती मुलं? सकाळी सहापासून रात्रीपर्यंत प्रत्येक अर्ध्या तासाला ‘उपक्रम’ असेल, तर ते पैसे रेल्वेच्या तिकिटांना ठेवा आणि तुम्ही स्वतः तिच्याबरोबर जा. कढीपत्त्याचं रोप मात्र याच आठवड्यात आणा. पाऊस सुरू झाला की फुलपाखरं वाढतात.