आरंभीचे अमेरिकी क्रीडापट आणि वर्णभेद

प्रश्न : अमेरिकेतील आरंभीच्या क्रीडाविषयक लघुपटांत स्त्रिया आणि कृष्णवर्णीय खेळाडू दिसत असत का?

उत्तर : दिसत असत, पण कोणत्या रूपात, हे पाहायला हवे. एडिसनच्या न्यू जर्सीतील स्टुडिओत १८९४ साली, एका वेळी एकानेच डोकावून पाहायच्या यंत्रासाठी, मुष्टियुद्धाच्या फेऱ्या चित्रित झाल्या. त्याच वर्षी तेथे ॲनी ओकली हिची नेमबाजीही टिपली गेली. कृष्णवर्णीयांच्या वाट्याला मात्र बहुधा हसे करणारी दृश्येच आली.

खरी कसोटी लागली ती जॅक जॉन्सनमुळे. ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे मुष्टियुद्धातील या कृष्णवर्णीय जगज्जेत्याने गोऱ्या जिम जेफ्रीजला हरवले, त्यानंतर अनेक ठिकाणी वांशिक दंगली उसळल्या आणि कित्येक शहरांनी त्या लढतीचा चित्रपट (हा लघुपट नव्हे, चांगला लांबलचक) दाखवण्यास मनाई केली. १९१२ मध्ये तर अमेरिकी काँग्रेसने मुष्टियुद्धाच्या चित्रफितींची आयात आणि आंतरराज्य वाहतूकच बंद केली. त्यामागे केवळ नीतिमत्तेची चिंता होती, हे मला पटत नाही. गंमत अशी, की १९१५ मध्ये क्युबातील हवाना येथे जॉन्सन गोऱ्या जेस विलार्डकडून हरला, तेव्हा ती चित्रफीतही याच कायद्यामुळे अमेरिकेत आणता येईना. हा कायदा १९४० पर्यंत टिकला.