उबुंटूवरून मिंटवर जायचंय, पण पार्ट्यांच्या डिझाइनचं काय?

प्रश्न : साखर पेठेत आमचं टॉवेल-चादरीच्या डिझाइनचं छोटं काम आहे. जुना पीसी, ४ जीबी रॅम, त्यावर उबुंटू २२.०४ (विंडोजऐवजी चालणारी लिनक्स सिस्टीम). फायरफॉक्स चालू असताना डिझाइनचं इंकस्केप उघडलं की मशीन हँग! पोरगा म्हणतो मिंट ही दुसरी लिनक्स टाका, पण सगळ्या पार्ट्यांच्या डिझाइन आणि बिलं याच पीसीत आहेत, ती उडतील का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : पोरगा बरोबर बोलतोय दादा, फक्त मिंटची एक्सएफसीई एडिशन (साध्या डेस्कटॉपची) घ्या, सिनॅमन एडिशन नको, ४ जीबीत तीच हलकी पडते. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ वरच बेतलेलं आहे आणि २०२९ पर्यंत अपडेट मिळणार, त्यामुळे इंकस्केप, लिब्रेऑफिस सगळं तेच मिळतं, नव्याने शिकायचं फारसं काही नाही.

आता डेटा. उबुंटूतलं 'डिस्क्स' उघडून बघा, होमसाठी (तुमच्या सगळ्या फाइली असतात ते फोल्डर) वेगळं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, आहे का. बहुतेक नसणारच, कारण नेक्स्ट-नेक्स्ट करत टाकलं की सगळं एकाच पार्टिशनमध्ये बसतं, आणि मग 'इरेज डिस्क' दाबलं की सगळं साफ. असलंच वेगळं तर इन्स्टॉल करताना 'समथिंग एल्स' निवडून त्याला होम म्हणून जोडायचं, फॉरमॅटची टिक लावायची नाही, युजरनेम जुनंच द्यायचं. तरीपण आधी आख्खं होम फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा, हे दोन्ही बाबतीत, यात आळस नको.

कॉपी करताना कंट्रोल-एच दाबा म्हणजे लपलेले फोल्डर दिसतील, तुम्ही स्वतः टाकलेले मराठी फॉन्ट बऱ्याचदा तिथंच असतात आणि ते राहिले की बिलं उघडतात पण अक्षरं भलतीच दिसतात. अजून एक गंमत, २२.०४ मधला फायरफॉक्स स्नॅपवाला (उबुंटूच्या वेगळ्या पॅकेजातला) आहे, त्याचं प्रोफाइल, म्हणजे सेव्ह केलेले पासवर्ड-बुकमार्क, 'स्नॅप' फोल्डरात असतं आणि मिंटचा फायरफॉक्स तिकडं बघतच नाही! म्हणून जीएसटीचे वगैरे पासवर्ड आधीच एक्सपोर्ट करून ठेवा, आणि काम झालं की ती फाइल डिलीट करा, त्यात सगळं उघडं लिहिलेलं असतं.

मिंटचा पेनड्राइव्ह बनवताना तो पूर्ण पुसला जातो, त्यामुळे बॅकअप ठेवलेला पेनड्राइव्ह त्यासाठी वापरू नका. त्यावरून आधी नुसतं लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवा, प्रिंटरवर एक बिल काढून बघा, मगच इन्स्टॉल. लाइव्ह जरा स्लो चालतं, घाबरू नका. आणि मिंट टाकूनही रडत असेल तर डिस्क जुनी फिरणारी आहे का बघा, असेल तर रॅमच्या आधी एसएसडीवर पैसे घाला.