क्लेमॅटिस आणि सोलापूरचं ऊन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार ताई, ऑनलाइन नेली मोझर जातीची क्लेमॅटिस ही फुलवेल मागवली, फेब्रुवारीत आली, गच्चीवर काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत लावली. मार्चभर मस्त वाढली, एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपायला लागल्या आणि परवा सकाळी बघतो तर एक अख्खी फांदी मान टाकून काळी पडलेली. माती तर ओलीच होती. मेली का ओ? काय करावं कळंना.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : मेली असेलच असं नाही, आधी उपटू नका. तुमच्या वेलीला बहुतेक दोन वेगवेगळी दुखणी झालीत.

कडा करपल्या ते उन्हानं. दुपारी दोनला त्या काळ्या कुंडीला बाहेरून हात लावून बघा, चटका बसेल, आणि आतून मुळं त्याच भिंतीला चिकटलेली असतात. क्लेमॅटिसला डोक्यावर ऊन चालतं पण पाय गार लागतात, आणि आपल्याकडे पारा 43 च्या पुढे गेला की गच्चीचा स्लॅब रात्रीसुद्धा गार होत नाही, मग तुम्ही कितीही पाणी घाला, मुळं ते वर चढवूच शकत नाहीत. कुंडी पूर्वेच्या भिंतीला खाली जमिनीवर आणा, सकाळचं चार-पाच तास ऊन मिळालं की पुरे, दुपारी 50 टक्क्यांची ग्रीन नेट. कुंडी मातीची आणि दीड फूट तरी खोल पाहिजे. वरून उसाचं पाचट अंथरा, जिल्ह्यात पाचटाला काय तोटा, फक्त खोडापासून चार बोटं लांब ठेवा.

फांदी एकदम काळी पडली ती मर रोगाची लक्षणं वाटतात. उन्हानं कोमेजलेली वेल संध्याकाळी जरा सावरते, मर लागलेली फांदी माती ओली असूनही सावरत नाही आणि देठापासून पानाच्या शिरा काळ्या पडत जातात. आपल्याकडे डाळिंबवाले मर म्हटलं की घाबरतात कारण तिथं रोग मुळातून येतो, पण क्लेमॅटिसची बुरशी वेगळी आहे, ती पानातून आणि खोडातून शिरते, मुळं बहुतेक वेळा शाबूत असतात. म्हणून काळी फांदी आत हिरवट-पांढरं दिसेपर्यंत खाली कापत जा, मातीपर्यंत गेलात तरी हरकत नाही. कात्री स्पिरिटनं पुसा, कापलेलं कंपोस्टमध्ये टाकू नका. कुंडी ओलसर ठेवून वाट बघा, मातीखालच्या डोळ्यातून नवा फुटवा येऊ शकतो. याचसाठी ही वेल लावताना खोडाचा बुंधा दोन-तीन इंच मातीत गाडून लावायचा असतो, गुलाबाचा कलमाचा जोड मातीच्या वर ठेवतात, तो नियम इथं चालत नाही.

आता माझं खरं मत सांगते, राग मानू नका. नेली मोझर ही 1897 ची फ्रान्सची जात, तिला हिवाळ्यात कडक थंडीत झोपायची सवय, आपला डिसेंबर तिला थंडी वाटतच नाही. जगली तरी फोटोतल्यासारखी फुलं धरून बसू नका.

प्रश्न : माझी वेल लोखंडी ग्रिलला धरतच नाही, सारखी खाली पडते. बांबू लावला तरी तेच. आणि छाटणी कधी करायची?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : क्लेमॅटिसला दोडक्या-काकडीसारखे ताणे नसतात हो, ती पानाच्या देठानंच आधाराला पीळ घालते. देठ केवढासा, तो बांबूला वेढा कसा घालणार? पेन्सिलीपेक्षा बारीक काहीतरी द्या, सुतळी नाहीतर नायलॉनची जाळी. कारखान्यातलं वेस्ट सूत आपल्याकडे सहज मिळतं, तेही चालेल, एका पावसाळ्यात कुजतं एवढंच. ग्रिल तर उन्हात तापतं, कोवळं देठ भाजून निघतं, म्हणून जाळी ग्रिलपासून वीतभर पुढे ताणा.

छाटणी जातीवर आहे. जॅकमनी असेल तर ती नव्या फांदीवर फुलते, जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा उरकली की फूटभर ठेवून बिनधास्त कापा. नेली मोझरची पहिली फुलं जुन्या फांदीवर येतात, तिची फक्त वाळकी टोकं काढा. जात माहीत नसेल तर एक वर्ष कात्री लावू नका, फुलं कुठल्या फांदीवर येतात ते बघा. आणि हातमोजे घाला, चिकानं कातडी चुरचुरते.

प्रश्न : नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या. बोअरचं पाणी घालतो. युरिया टाकू का?
— एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : नको. हे लोह कमी पडल्याचं लक्षण. बोअरच्या जड पाण्यानं माती चुनखडीची होते, त्यात लोह असलं तरी मुळांना मिळत नाही. दुकानात चिलेटेड आयर्न मागा, पण पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्या, ईडीटीएवालं चुनखडी मातीत टिकत नाही. पावसाचं पाणी पिंपात साठवलंत तर आणखी बरं.

प्रश्न : महाबळेश्वरकडे झुडपांवर पांढऱ्या फुलांची वेल बघितली, कोणीतरी ही आपली क्लेमॅटिस म्हणालं. सोलापुरात लावता येईल का?
— एक वाचक, सात रस्ता

उत्तर : या पानावरचा सगळ्यात शहाणा प्रश्न! ती मोरवेल असावी, रानजाई पण म्हणतात. सह्याद्रीतलीच क्लेमॅटिस, पावसाळा सरता सरता पांढऱ्या सुवासिक फुलांनी लगडते, नंतर बियांना पिसासारख्या शेपट्या येतात, त्याही बघण्यासारख्या. फूल लहान असतं, पण मर रोगाला ही रानटी मंडळी मोठ्या फुलांच्या जातींइतकी बळी पडत नाहीत. जंगलातनं उपटून मात्र आणू नका. देशी झाडांच्या नर्सरीत विचारा, नाहीतर कोणाच्या बागेत असेल तर जुलैत दाब कलम करून घ्या : फांदी वाकवून तिचा एक पेर मातीत गाडायचा, वर दगड ठेवायचा, मुळं धरली की कापून आणायची. बियांपासूनही होते, पण उगवायला महिनोन् महिने लावते. पहिले दोन उन्हाळे तिलाही नेट आणि पाचट लागेल, आणि जागा मोकळी द्या, कंपाउंडची तारजाळी असेल तर उत्तम, कुंडीत ती फार दिवस ऐकायची नाही.