सणाचं ताट रोज वाढू नका

प्रश्न : आम्ही अकरा वर्षं इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ राहतो. माझं माहेर नाशिकचं, पंचवटीतलं. यंदा नवऱ्याच्या रक्ततपासणीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर दाखवणारा आकडा) ४४ आला आणि जीपींनी, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांनी, शुगर काठावर असल्याचं सांगितलं. वजन तर बेताचंच आहे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २४. आठ वर्षांच्या मुलाला सारखं बद्धकोष्ठ होतं. आई फोनवर म्हणते, "आपलं खाणं सोडलंत, त्याचं हे फळ." नवरा म्हणतो, "नाशिकला माझ्या किती मित्रांच्या गोळ्या चालू आहेत, ते तर आपलंच खातात ना?" खरं कोणाचं?

उत्तर : ताई, आधी तो ४४ चा आकडा सोडवू, कारण आईंनी तो ऐकून धसका घेतला असेल. तिकडे हे मोजमाप वेगळ्या एककात देतात. इथल्या लॅबच्या कागदावर तेच ६.२ टक्के असं छापून येईल. तिकडे ४२ ते ४७ म्हणजे काठावरची शुगर. अजून मधुमेह झालेला नाही, आणि इथून मागे फिरता येतं.

मात्र वजन बेताचं आहे हे मनातून काढून टाका. बीएमआय २५ च्या पुढे गेला की वजन जास्त, ही रेषा युरोपीय लोकांसाठी आखलेली आहे. आपल्या वंशाच्या माणसांसाठी इंग्लंडमधल्याच आरोग्य सूचना २३ पासून जपायला सांगतात. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे फार सोप्या रीतीने दाखवलं. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापं छापली. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपण दिसतो सडपातळ, आणि चरबी पोटाभोवती साठते. म्हणून वजनकाट्यावर विसंबू नका, नवऱ्याची कंबर मोजा. ती ९० सेंटीमीटरच्या पुढे असेल तर काठावरची शुगर त्यातूनच आली असण्याचा संभव मोठा आहे.

आता आई आणि नवरा यांच्यातला वाद. यासाठी मला पिमा नावाच्या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांबद्दल सांगायचं आहे. ही एकाच मुळाची माणसं. काही मेक्सिकोच्या डोंगरात राहिली, काही ॲरिझोनात. ॲरिझोनातले पिमा नदीच्या पाटपाण्यावर शेती करत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या अंगाला आलेल्या वसाहतींनी ते पाणी वळवलं, शेती बसली, आणि पुढे सरकारी शिध्यातलं मैद्यासारखं पांढरं पीठ, साखर आणि डुकराची चरबी हेच जेवण झालं. २००६ मध्ये छापलेल्या तुलनेत ॲरिझोनातल्या पिमांमध्ये मधुमेह ३८ टक्के होता आणि मेक्सिकोच्या डोंगरातल्या त्यांच्या भाऊबंदांत ६.९ टक्के. रक्त एकच. फरक होता तो मका, घेवडा, बटाटा आणि दिवसभराच्या अंगमेहनतीचा.

आपल्या जिल्ह्यातही असे दोन संसार शेजारी शेजारी आहेत. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या डोंगरात अजून पावसात नागलीची (नाचणीची) आवणी होते, तिची भाकरी आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी ताटात येते. नाशिक शहरात कॉलेज रोडला मात्र लिफ्ट आहे, दुचाकी आहे, रात्री दहाचं जेवण आहे आणि मुलांच्या हातात बेकरीचा पुडा आहे. २०२३ मध्ये छापलेल्या देशव्यापी पाहणीत शहरी भारतात मधुमेह १६.४ टक्के आणि ग्रामीण भागात ८.९ टक्के आढळला. म्हणजे तुमच्या नवऱ्याचं निरीक्षण बरोबर आहे. लेस्टरला न जाताही नाशिककर पाश्चात्त्य राहणीत जाऊन पोचले आहेत.

आणि आईंचंही बरोबर आहे, फक्त 'आपलं खाणं' म्हणजे नेमकं काय, हे एकदा घरात बसून ठरवायला हवं. परदेशातल्या घरांशी बोलताना मला हे वारंवार दिसतं : आठवण येते ती सणाच्या ताटाची. पुरणपोळी, श्रीखंड-पुरी, मिसळीबरोबर पाव, साबुदाण्याची खिचडी. लहानपणी हे पदार्थ त्या त्या दिवसाला यायचे, म्हणून तर इतके लक्षात राहिले. (मिरची, बटाटा, शेंगदाणा आणि ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो, हे सगळं अमेरिका खंडांकडून आलं आहे, तेव्हा 'आपलं' या शब्दाबद्दल जरा सैल असावं.) आता फ्रिजरमध्ये पराठे आहेत, डब्यात गुलाबजाम आहेत, आणि दर शनिवारी कोणाकडे तरी जेवण आहे. अशा घरातला मुलगा सकाळी गोड सिरियल खातो, दुपारी शाळेत पास्ता, रात्री पुरी, पनीर आणि भात. दोन्हीकडच्या चैनीच्या वस्तू एका दिवसात पोटात गेल्या, आणि दोन्हीकडचं साधं जेवण कुठेच आलं नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण हे सगळं आपण मायेपोटी करतो.

माझ्या आजीच्या घरी साध्या दिवशी नागलीची किंवा बाजरीची भाकरी, उडदाची आमटी नाहीतर मोडाची मटकी, एखादी पालेभाजी, कांदा, ताक एवढंच असायचं. त्यात चावायला वेळ लागे. हा वेळच फार मोलाचा आहे. अमेरिकेत केव्हिन हॉल या संशोधकांनी २०१९ मध्ये छापलेल्या प्रयोगात वीस माणसांना दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे घरच्यासारखं ताजं अन्न दिलं. दोन्हीकडे वाढलेल्या अन्नात साखर, मीठ, चरबी, तंतू सारखेच ठेवले होते आणि हवं तेवढं खायची मुभा होती. कारखान्यातलं अन्न असताना माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन बसली आणि दोन आठवड्यांत जवळजवळ किलोभर वाढली. ते अन्न मऊ होतं आणि भराभर खाल्लं गेलं. इंग्लंडमध्ये आज निम्म्याहून जास्त कॅलरी अशाच अन्नातून येतात.

पण जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. चुलीच्या धुराने आपल्या आज्यांची छाती भरली. बाया सगळ्यांच्या शेवटी जेवल्या आणि पंडुरोगाने खंगल्या. दख्खनमध्ये जिथे गरिबीमुळे ज्वारीखेरीज ताटात काहीच नव्हतं, तिथे पेलाग्रा नावाचा, जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग दिसत होता. स्वातंत्र्याच्या सुमारास आपलं सरासरी आयुर्मान तिशीच्या थोडं पुढे होतं. तुमच्या गावातल्या लसी, स्वच्छ पाणी, पाकिटावर साखर किती ते छापायची सक्ती, हे सगळं दोन्ही हातांनी घ्या. ड जीवनसत्त्वही घ्या. तिथल्या हिवाळ्यातलं ऊन पुरत नाही, म्हणून त्या दिवसांत सगळ्यांनाच रोज १० मायक्रोग्रॅम सांगितलेलं आहे, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा. शाकाहारी असाल तर बी-१२ तपासा.

मुलासाठी : त्याच्या वयाला दिवसाला २० ग्रॅम तंतू लागतात. गोड सिरियल आणि मैद्याच्या पावात ते बहुधा कमीच असतात. सकाळी नागलीची पेज किंवा आंबील द्या. तिकडच्या भारतीय दुकानात नागली 'रागी' नावाने मिळते, आणि १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. आठवड्यातून तीनदा मोडाची उसळ. ज्यूसची बाटली बंद, त्याऐवजी अख्खं फळ. मार्चच्या आसपास सुपरमार्केटात भारतातली द्राक्षं दिसली, तर ती आपल्याच निफाड-दिंडोरीकडची असण्याचा संभव मोठा, त्याला तसं सांगा, जास्त आवडीने खाईल. दुधाचे ग्लासवर ग्लास पीत असेल तर कमी करा. पाणी वाढवा आणि नाश्त्यानंतर दहा मिनिटं निवांत बसू द्या. पोट दुखत असेल किंवा शौचात रक्त दिसलं तर घरगुती उपाय सोडून जीपींकडे जा.

नवऱ्यासाठी : रात्रीचं जेवण साडेसातच्या आत. हे इंग्रजांचं वळण आणि आपलं दिवेलागणीचं जेवण एकच आहे. जेवणानंतर शतपावली, मात्र शंभर पावलांवर थांबायचं नाही, पंधरा मिनिटं चालायचं, पाऊस असला तर छत्री घेऊन. भात हवाच असेल तर एक वाटी, आणि त्याच्या दुप्पट भाजी-उसळ. तीन महिन्यांनी पुन्हा एचबीए१सी करा, त्याआधी फरक नीट कळत नाही.

आणि आईंना पुढच्या फोनवर एक विचारा : त्यांच्या लहानपणी, श्रावण सुरू व्हायच्या आधी, भर पावसात, घरात पाहुणा नसताना मंगळवारच्या रात्री काय शिजायचं? त्या सांगतील ते लिहून घ्या. पहिला मंगळवार तेच करा.