मुलाचा सुळा टाळूत अडकलाय; पूर्ण भूल द्यायची की जागेपुरती?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला कळलं ते असं: मुलगा १३ वर्षांचा, वजन ४० किलो, वरचा उजवा सुळा टाळूच्या बाजूला आतच राहिलाय, दुधाचा सुळा अजून जागेवर आहे. हिरडी उघडून, दात हळूहळू ओढून जागेवर आणण्यासाठी त्याला साखळी लावायची आहे. एक सर्जन म्हणतात दवाखान्यातल्या खुर्चीतच करू, दुसरे म्हणतात पूर्ण भूल द्या.

मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणजे हे उत्तर स्वतःच्याच पोटावर पाय देऊन लिहितोय: एकाच बाजूचा, फार वर नसलेला सुळा असेल तर माझी गरज बहुधा पडत नाही. माझ्या मुलीचं जागेपुरत्या भुलीवरच झालं. मी बाहेर बसून घामाघूम.

टाळूतलं इंजेक्शन मात्र दुखतं, हे मुलापासून लपवू नका. तिथली त्वचा हाडाला घट्ट चिकटलेली, औषधाला पसरायला जागाच नसते. आधी जेल लावून, अगदी सावकाश दिलं तर निभावतं. औषध जास्त होईल ही भीती सोडा. अॅड्रेनॅलिनसह लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) किलोला ७ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. ४० किलोला २८० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांचं १४ मिली. या कामाला त्याच्या निम्मंही क्वचित लागतं. दुखणं थांबतं, पण दाब आणि ड्रिलचा आवाज जाणवतोच. तुमचा मुलगा ४०-४५ मिनिटं तोंड उघडं ठेवून ते सोसेल का, हे डॉक्टरांपेक्षा तुम्हाला जास्त माहीत.

दात खूप उंच किंवा आडवा असेल, दोन्ही बाजूंचे सुळे असतील, किंवा आरसा तोंडात घातला तरी मुलाला उमासे येत असतील, तर बेलाशक पूर्ण भूल घ्या. श्वासाची नळी बहुतेकदा नाकातून घालतो, म्हणजे तोंड सर्जनला मोकळं. मधला मार्ग म्हणून खुर्चीतच ‘थोडं झोपेचं औषध’ देतो असं कुणी म्हणालं, तर लक्ष ठेवायला वेगळा भूलतज्ज्ञ, ऑक्सिजन आणि मॉनिटर आहे का ते विचारा. एकाच माणसाने झोपवायचं आणि कापायचंही, याला मी स्वतः तयार होणार नाही.

आता जे तुम्ही विचारलंच नाहीत. हिरडी पुन्हा शिवून टाकणार की हिरडीत खिडकी उघडी ठेवणार? शिवलेल्या हिरडीखाली दातावर साखळीसाठी चिकटवलेली चकती निसटली, तर पुन्हा उघडणं आलं आणि पुन्हा भूल. उघड्या खिडकीत ती खुर्चीतच परत चिकटवता येते. दात शेवटी जागेवर येण्यात एक पद्धत दुसरीपेक्षा सरस असल्याचं सिद्ध झालेलं नाही, म्हणून मी हे भुलीच्या बाजूने बघतो.

आणि त्याच्याही आधी ऑर्थोडॉन्टिस्टना (दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांना) विचारा, नुसता दुधाचा सुळा काढून वाट बघता येईल का? स्वीडनच्या एरिकसन आणि कुरोल यांनी १९८८ साली १० ते १३ वयाच्या मुलांमध्ये हेच केलं. ४६ पैकी ३६ सुळे आपोआप वाटेवर आले. तुलनेला दुसरा गट नव्हता, तेव्हा आकडा थोडा हातचा राखून घ्या. शेजारच्या पटाशीच्या मुळावर सुळा निम्म्याहून जास्त चढला असेल तर यश कमी मिळालं. तुमचा मुलगा त्या वयाच्या काठावर आहे, आणि सुळ्याने शेजारचं मूळ झिजवायला घेतलं असेल तर थांबून चालणार नाही. ते साध्या एक्स-रेपेक्षा सीबीसीटी स्कॅनमध्ये (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेमध्ये) नीट दिसतं.

पूर्ण भूल ठरलीच तर आधी ६ तास खाणं बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत. दूध पाण्यात धरू नका, ते खाण्यातच. त्या आठवड्यात ताप किंवा छातीत घरघरणारा खोकला आला तर तारीख जाईल म्हणून लपवू नका, मला फोन करून पुढची तारीख घेतलेली आवडते. सुळा कुठे पळून जात नाही.