हाताच्या ऑपरेशनला पूर्ण भूल न देता नुसता हात बधिर करतात, ते कितपत सुरक्षित?

तुम्ही लिहिलंय की सोयाबीन काढताना वडिलांचा उजवा हात हडंब्यात (मळणीयंत्रात) सापडला, मनगटाच्या वरची दोन्ही हाडं मोडली, आणि डॉक्टर म्हणतात मानेजवळ इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर करू. तुमच्या शंका दोन: पैसे वाचवायला पूर्ण भूल टाळतायत का, आणि सुई नसेला लागून हात कायमचा लुळा पडेल का. मी भूलतज्ज्ञ आहे, यवतमाळ-वाशीमकडच्या लहान दवाखान्यांत रोज हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पैशांचा संबंध नाही. ब्लॉकला, म्हणजे असा नुसता हात बधिर करायला, उलट आमचा वेळ जास्त जातो. खरं कारण पोट आणि तोंड. अपघातानंतर पोटातलं अन्न पुढे सरकायचं मंदावतं, सकाळी खाल्लेली भाकर दुपारीही तशीच असू शकते, आणि पूर्ण भुलीत ती उलटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं. दुसरं म्हणजे खर्रा. आपल्याकडचा पन्नाशीचा शेतकरी आला की मी आधी तोंड उघडायला लावतो. तीन बोटं उभी मावली तर ठीक. पण सुपारी-तंबाखूनं गालाची आतली त्वचा पांढरी, ताठ होत जाते, आणि कित्येकांचं तोंड जेमतेम एक बोट उघडतं. अशा माणसाला झोपवून श्वासनलिकेत नळी घालणं मोठ्या हॉस्पिटलातही अवघड असतं. हात बधिर केला तर तो आपला श्वास आपण घेत राहतो.

आता सुई मानेजवळच का? हाताच्या सगळ्या नसा मानेतून येतात. मानेच्या पाचव्या ते आठव्या आणि छातीच्या पहिल्या, अशा पाच मुळांपासून त्या निघतात, मानेच्या दोन स्नायूंच्या फटीतून खाली येताना त्यांचे तीन जाड दोर होतात, पुढे ते फाटून पुन्हा जुळतात आणि काखेत पोचेपर्यंत हाताच्या मुख्य नसा तयार होतात. या जाळ्याला ब्रॅकियल प्लेक्सस म्हणतात. ऑपरेशन कुठे आहे त्यावर सुईची जागा ठरते. खांद्याचं असेल तर मानेच्या बाजूला, पंजाचं असेल तर काखेतूनही भागतं. तुमच्या वडिलांसारखं कोपराखालचं हाड असेल तर मी हसळीच्या (गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या) वर देतो. तिथे सगळं जाळं पहिल्या बरगडीवर अगदी दाटीनं बसलेलं असतं, त्यामुळे थोड्या औषधात दंडापासून बोटांपर्यंत हात बधिर होतो. डीट्रिख कुलेनकाम्फ या जर्मन सर्जननं 1911 साली ही पद्धत मांडली, आणि आधी स्वतःवर करून पाहिली!

अडचण एवढीच की फुफ्फुसाचं टोक तिथून फार लांब नसतं. पूर्वी नुसत्या अंदाजानं सुई घालायचे, तेव्हा फुफ्फुसाला भोक पडायची भीती खरी होती. सोनोग्राफीत आता धडधडणारी धमनी काळी गोल दिसते, तिला लागून नसांचा झुबका मधाच्या पोळ्याच्या तुकड्यासारखा, आणि खाली बरगडीची पांढरी रेघ. सुईचं टोक सतत डोळ्यासमोर ठेवून औषध नसेच्या आत नाही, तिच्या भोवती सोडायचं. पण गर्भलिंग निदानाच्या कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते, भूलतज्ज्ञानं ते पिशवीत टाकून गावोगावी फिरणं जमत नाही. कायदा हवाच, पण त्याचा हा जाच आम्हाला होतो. मशीन नसेल तिथे नर्व्ह स्टिम्युलेटर वापरतात: बारीक करंट सोडून बोटं उडतात का ते बघतात. तीही जुनी, नीट पद्धत आहे. तुमच्या डॉक्टरांना दोन्हींपैकी काय वापरणार ते खुशाल विचारा.

हात कायमचा जाण्याबद्दल: काही दिवस बोटाला मुंग्या राहणं अधूनमधून होतं आणि बहुतेकांचं आपोआप जातं. टिकून राहणारी इजा दहा हजार ब्लॉकमागे साधारण दोन ते चार जणांना होते. तुमच्या बाबतीत मोठा धोका हडंब्यानंच नस दुखावली असण्याचा आहे. म्हणून सुई देण्याआधी बोटं हलतात का, कुठे बधिर आहे का, हे तपासून कागदावर लिहून घ्यायला सांगा. नंतर कुणी कुणावर ढकलायला नको.

औषध चुकून रक्तात गेलं तर जिभेला मुंग्या येतात, कानात घूं होतं, तोंडाला लोखंडासारखी चव येते. तसं वाटलं की लगेच बोलायचं, हे वडिलांना सांगून ठेवा. त्यावर उतारा म्हणून 20 टक्क्यांचं लिपिड इंजेक्शन असतं, ते ऑपरेशन थिएटरात आहे ना, एवढं विचारून घ्या.

घरात कुणाला सिकल (सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर लपवू नका. आपल्या विदर्भात हे फार महत्त्वाचं. रक्त थांबवायला दंडावर टूर्निकेट आवळतात, आणि एसएस, म्हणजे सिकलचा पूर्ण आजार, असलेल्या माणसाला ते घातक ठरू शकतं. तपासणी झाली नसेल तर करूनच घ्या. रक्त पातळ करायची गोळी, दमा, हेही सांगा. ब्लॉक असला तरी उपाशीपोटी राहायचं, कारण तो अपुरा पडला तर पूर्ण भूल द्यावी लागते. जेवण सहा तास आधी बंद, आणि दुधाचा चहा जेवणातच धरा. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं.

बधिर व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तोवर आम्ही कोपर वाकवायला, ताठ करायला लावतो, अंगठ्याकडे आणि करंगळीला चिमटा काढतो. हात खाली टेबलावर असतो आणि पेशंटला तो वर उचलल्यासारखा वाटतो. "डॉक्टर, हा हात माहा नोहेच!" असं सगळेच म्हणतात. घाबरू नका. आवाज बसणं किंवा एका डोळ्याची पापणी उतरणं, हेही काही तासांत जातं.

हाताचा बधिरपणा सहा ते बारा तास, कधी जास्तही राहतो. तोवर हात झोळीत, चुलीपासून आणि गरम चहापासून लांब. भाजलं तरी कळणार नाही. बधिरपणा बहुधा रात्री उतरतो आणि मग कळ एकदम येते, म्हणून दुखण्याची गोळी बोटांना मुंग्या सुरू झाल्या की द्या, कळ येईपर्यंत थांबू नका. चेंगरलेल्या हातात आत सूज कोंडू शकते आणि बधिर हातात ती लवकर कळत नाही. बोटं पांढरी, गार पडली, प्लास्टर आवळल्यागत झालं किंवा गोळीनंही कळ वाढतच गेली, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखाना गाठा. दुसऱ्या दिवशीही हात बधिरच असेल तर भूलतज्ज्ञाला फोन करा. त्यांचा नंबर आजच घेऊन ठेवा.