नॉनस्टिक तवा आणि ज्वारीची भाकरी: वाचकांच्या शंका

लग्नाच्या आहेरात हल्ली नॉनस्टिकचा संच हमखास येतो. तो कसा वापरायचा हे मात्र कुणी सांगत नाही. या वेळचे बहुतेक प्रश्न त्यातूनच आले आहेत.

प्रश्न : तव्याचा लेप मधोमध निघाला आहे. धपाट्यांना काळे कण चिकटलेले दिसले, नातवंडांनीही ते खाल्ले. कॅन्सरची भीती आहे का? (परभणी)

काकू, कण पोटात गेले म्हणून घाबरू नका. हा लेप पीटीएफईचा, म्हणजे आपण ज्याला टेफ्लॉन म्हणतो त्याचा. १९३८ मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना तो पदार्थ योगायोगाने सापडला. त्याची कशाशीच सहसा रासायनिक क्रिया होत नाही. पोटातही तो विरघळत नाही, आला तसा शौचावाटे बाहेर पडतो.

कॅन्सरची चर्चा आहे ती पीएफओए या दुसऱ्याच रसायनाची. टेफ्लॉन तयार करताना ते वापरलं जाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये ते माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या गटात घातलं. पण त्याची झळ बसली ती मुख्यतः कारखान्यातल्या कामगारांना आणि ज्यांच्या पिण्याच्या पाण्यात ते उतरलं त्या आसपासच्या लोकांना. तयार भांड्यात ते उरलंच तर अगदी नावापुरतं. अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादकांनी २०१५ पर्यंत त्याचा वापर थांबवला.

तरीही हा तवा आता चुलीवर चढवू नका. लेपाखालचं ॲल्युमिनियम उघडं पडलं आहे, आणि चिंच, टोमॅटो, ताक अशा आंबटाने ते अन्नात उतरतं. तवा भंगारात द्या. कामाला येणाऱ्या मावशींना ‘अजून चालेल’ म्हणून देऊ नका. आपल्या नातवंडांना जे नको, ते त्यांच्या लेकरांनाही नको.

प्रश्न : लोखंडी तवा जड पडतो म्हणून सूनबाई नॉनस्टिकवरच ज्वारीच्या भाकऱ्या करते. चालेल का? (धाराशिव)

नाही, आणि हे मला अगदी ठामपणे सांगायचं आहे. भाकरीला कडक तापलेला, कोरडा तवा लागतो. शिवाय एक भाकरी उतरवून दुसरी थापेपर्यंत तवा मोठ्या आचेवर रिकामाच असतो. त्यावर तेल नाही, पाणी नाही, उष्णता घ्यायला काहीच नाही. अशा रिकाम्या तव्याचं तापमान काही मिनिटांत २६० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकतं, आणि लेप खराब व्हायला तिथूनच सुरुवात होते. ३५० अंशांच्या आसपास तर तो तुटून विषारी वाफा सोडू लागतो. बंद खोलीत त्या छातीत गेल्या तर काही तासांनी थंडी, ताप, खोकला येतो. बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, पण अंगावर घ्यायचाच कशाला?

धपाटे, धिरडी, थालीपीठ नॉनस्टिकवर खुशाल करा. आधी थोडं तेल सोडा, मग गॅस लावा, आच मध्यमच ठेवा. भाकरीसाठी मात्र आठवडी बाजारात लोहाराकडून थोडा लहान, हलका तवा घ्या. सूनबाईंची मनगटं दुखत असतील तर तीही खरी अडचण आहे, आणि तिच्यावर हाच उपाय.

प्रश्न : स्वयंपाकघराच्या खिडकीत लव्हबर्ड्सचा पिंजरा आहे. त्यांना त्रास होईल? (नांदेड)

पिंजरा आजच हलवा. पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात. अतितापलेल्या लेपाच्या वाफेने घरातले पक्षी काही मिनिटांत दगावल्याची उदाहरणं आहेत. गॅसवर विसरलेला एक रिकामा तवाही त्यांना पुरे होतो.

प्रश्न : ‘ग्रॅनाइट’ आणि ‘पीएफओए-फ्री’ लिहिलेली भांडी जास्त सुरक्षित का? (लातूर)

‘ग्रॅनाइट’ बहुधा नुसते ठिपके असतात, लेप तोच. ‘पीएफओए-फ्री’ म्हणजे टेफ्लॉन-फ्री नव्हे. सिरॅमिक लेप खरोखर वेगळा असतो आणि जास्त आच सोसतो, पण त्याचा न चिकटण्याचा गुण लवकर जातो.

प्रश्न : बोअरच्या पाण्याने तव्यावर पांढरा थर बसतो आणि कडेला पिवळट चिकटा राहतो. तारेच्या घासणीने काढू का? (जालना)

तारेची घासणी, राख, काथ्या यांतलं काहीही लावू नका.

पांढरा थर जड पाण्यातल्या क्षारांचा. पाण्यात लिंबू पिळून ते तव्यात कोमट करा, थर सुटतो. पिवळा चिकटा मात्र तेलाचा आहे, आणि तुमच्याकडे घाण्यावरचं करडईचं तेल असेल तर तो जास्तच होणार. करडईच्या तेलाचा पातळ थर तापला की वाळून वार्निशसारखा घट्ट बसतो. लोखंडी तव्यावर हाच थर आपल्याला हवा असतो, त्यानेच तवा ‘मुरतो’. नॉनस्टिकवर मात्र त्यानेच पदार्थ चिकटायला लागतात. तव्यात पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा, निवल्यावर मऊ स्पंजने पुसून काढा.

तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नका, बूड वाकतं. उलथणं लाकडाचं किंवा सिलिकॉनचं घ्या. आणि भांडी एकात एक रचताना मध्ये जुन्या सुती लुगड्याचा तुकडा घाला.